पानावरचं अदोबो

त्या बाईचं नाव लोर्ना होतं आणि दीड वर्षात मी तिला एकदाही नावानं हाक मारली नाही. घरात बोलताना "ती", "खालची", आणि बाबा समोर असले तर ओठ आवळून "त्या". आज चाळिशी उलटल्यावर तिच्याबद्दल लिहायला बसले, पहिल्यांदा नावच लिहिलं आणि उठून चहा करून आले. लोर्ना फिलिपिन्सची. गेर्लिंगेनला बरोबर आमच्या खालच्या मजल्यावर एकटी राहायची आणि श्टुटगार्टकडच्या एका वृद्धाश्रमात नर्स होती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, घरात सपाता घासत चालणारी. वाईट असं काहीच नव्हतं तिच्यात. तेच तर मला खुपायचं.

बाबांच्या नोकरीमुळे मी नऊ वर्षांची असताना आम्ही इथे जर्मनीत आलो. बाबा इंजिनियर, आई मिरजेची, आणि आमच्या घरात आईचा कायदा चालायचा. बाबा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये वाट्टेल ते खायचे. ते आईला माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे बाबांनाही माहीत होतं, पण उंबऱ्याच्या आत अंड्याचं नावसुद्धा निघायचं नाही. शाळेच्या डॉक्टरांनी माझ्या हातापायांच्या काड्या बघून अंडी खायला सांगितली, तेव्हा आईनं त्यासाठी एक वेगळं पातेलं घेतलं. ते बारा महिने बाल्कनीत उपडं असायचं. बर्फ पडला की मी ते झटकून आत आणायचे, अंडं उकडायचे आणि परत बाहेर ठेवून यायचे. शाळेतल्या मैत्रिणींना हे सांगितलं तर त्या हसल्या, मग मी सांगणं बंद केलं. आईला जर्मन धड कधी आलं नाही, पण जिना झाडण्याची आपली पाळी आली की दारावर जी पाटी लागते, ती केरवोखेची, ती तिला फार आवडायची. म्हणायची, केर शब्द आपल्याकडूनच उचललाय मेल्यांनी.

आई आजारी पडली तेव्हा ही पाळी लोर्नानं न सांगता स्वतःकडे घेतली. एक दिवस आमच्या दारावरची पाटी नाहीशी झाली आणि खाली तिच्या दारावर दिसली. मग ती आईच्या उशा बदलायला येऊ लागली, पाठ पुसायला, पाय दाबायला. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे त्यांचं छान जमायचं. आई तिला "अगं लोर्ना" म्हणायची आणि पुढचं वाक्य सरळ मराठीत बोलायची. त्या उन्हाळ्यात आईला फोडणीचा वास सहन होईनासा झाला. मोहरी तडतडली की तिला उमळून यायचं, म्हणून घरात नुसता मऊ भात आणि ताक. तेव्हा कधीकधी खालून बाल्कनीतून एक आंबट, लसणीचा वास वर यायचा. आई डोळे मिटून पडलेली असायची. एकदा म्हणाली, काय करते गं ही? वास बरा वाटतोय. एवढंच. त्यानंतर दोन महिन्यांनी, पानगळ सुरू असताना, आई गेली.

मागे राहिलो बाबा आणि मी. बाबांना पोहे यायचे आणि गुठळ्यांचं पिठलं. मला तेही येत नव्हतं. आम्ही पावाला चीज लावून खायचो आणि एकमेकांकडे न बघता बातम्या बघायचो. महिनाभरानं लोर्ना वर आली आणि म्हणाली, रविवारी माझ्याकडे जेवा. मी जायला तयार नव्हते, पण घरात पावसुद्धा संपला होता. तिच्या त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा अदोबो होताना पाहिलं, आणि खरं सांगते, हा काय स्वयंपाक झाला का, असंच माझ्या मनात आलं. ना कांदा, ना हळद, ना फोडणी. तिनं कोंबडीच्या तंगड्या पातेल्यात घातल्या, वरून व्हिनेगर, सोया सॉस, न सोललेलाच ठेचलेला लसूण, मूठभर अख्खी मिरी, दोन तमालपत्रं. सगळं थंडच एकत्र केलं आणि गॅस लावला. मी आपली शहाणी, चमचा घेऊन ढवळायला गेले. तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, व्हिनेगरला उकळी फुटेपर्यंत हात लावायचा नाही, मध्येच ढवळलं तर कच्चा आंबटपणा तसाच राहतो, मग काही केल्या जात नाही. आधी त्या वाफेनं डोळ्यांत पाणी येतं, नाक चुरचुरतं. मग हळूहळू त्या वासातला तिखटपणा ओसरतो आणि खाली काळपट, चकचकीत, भाताला लपेटून बसेल असा रस तयार होतो.

मला ते आवडलं. हे मी त्या वेळी कुणी मारलं असतं तरी सांगितलं नसतं. मी ताटात चिवडल्यासारखं करून उठले, आणि दुसऱ्या दिवशी तिनं डब्यात दिलेलं उरलेलं, बाबा ऑफिसला गेल्यावर, फ्रीजसमोर उभं राहून बोटानं पुसून खाल्लं. खाल्लं आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. आई जाऊन दोन महिने झाले नव्हते आणि मला दुसऱ्या बाईच्या हातचं गोड लागत होतं. तुम्ही म्हणाल, सोळा वर्षांची पोर, चालायचंच. मी नाही म्हणत तसं. सोळा म्हणजे लहान नव्हे.

वसंतापर्यंत ती दर रविवारी आमच्याकडे येऊन रांधायला लागली. आणि येताना काय करायची माहितीय? स्वतःचं पातेलं आणायची. स्वतःचा डाव, स्वतःची सुरी, कापायची फळीसुद्धा. आईनं तिला कधीतरी आमच्या बाल्कनीतल्या पातेल्याची गोष्ट सांगितली होती, ती तिनं लक्षात ठेवली होती. आईच्या एकाही भांड्याला तिनं मांस लागू दिलं नाही. जेवण झालं की ते खरकटं पातेलं फडक्यात बांधून खाली घेऊन जायची आणि खालीच घासायची. बाबा म्हणायचे, अगं, इथे धू की, काय होतंय. ती मान हलवायची. बाबा तिच्याशी इंग्रजीत बोलायचे, मी जर्मनमध्ये आणि शक्य तितकं कमी. ती आली की बाबा दाढी करून बसलेले असायचे, रविवार असूनसुद्धा. ते मला दिसत होतं. न दिसायला मी काय आंधळी होते?

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी बाबा मला द्राक्षाच्या मळ्यांकडे फिरायला घेऊन गेले. मला तेव्हाच कळलं की काहीतरी आहे, कारण बाबांना फिरायला कधीच आवडायचं नाही. बराच वेळ ते हवामानावर बोलले. मग म्हणाले की आईचं वर्षश्राद्ध होऊ दे, त्यासाठी कुमुदआत्या येणारच आहे, ते पार पडलं की आत्याच्या कानावर घालेन, लोर्ना आणि मी लग्न करावं म्हणतोय. तुला चालेल ना, असं त्यांनी विचारलं नाही. "तुलाही सोबत होईल," म्हणाले. कुमुदआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, सांगलीत शाळेची मुख्याध्यापिका होती, बाबांचे आईवडील गेल्यावर तिनंच त्यांना शिकवलं. आत्याचा शब्द बाबांनी कधी ओलांडला नव्हता. ती हो म्हणाली तर लग्न होणार, नाही म्हणाली तर नाही, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. मी म्हटलं, बरं.

आत्या यायच्या आठवडाभर आधी लोर्ना मला तळघरातल्या कपडे धुवायच्या खोलीत भेटली. चादरी वाळत घालत होती. मला म्हणाली, जरा टोक धर. आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून चादर ताणत होतो तेव्हा तिनं विचारलं की त्या दिवशी तुमच्यात काय करतात. तिच्याकडे म्हणे माणूस जाऊन वर्ष झालं की सुतक उतरवतात, काळे कपडे काढून ठेवतात, आणि गेलेल्याला जे आवडायचं ते रांधून त्याच्यासाठी एक ताट वाढून ठेवतात. मी काय आणू? केळीची पानं तर मी आणतेच आहे, श्टुटगार्टच्या एशियन दुकानात गोठवलेली मिळतात. पण रांधून काय आणू?

मी आधीपासून काही ठरवलं नव्हतं. हे मी स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाही, झालं तसं सांगते. ती विचारत होती, तिचे ओले हात चादरीच्या टोकाला होते, आणि माझ्या तोंडातून आपसूक निघून गेलं, "तुझं अदोबो. आईला फार आवडायचं." तिच्या हातातली चादर सैल पडली. मी पुढे बोलतच सुटले. म्हटलं, बाबांना माहीत नाही. ते ऑफिसला गेले की ती मला तुझ्याकडचं आणायला सांगायची. वास आला तरी तिला बरं वाटायचं. खोट्यात थोडं खरं मिसळलं की ते चांगलं मुरतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ती म्हणाली, पण ती तर मांस खात नव्हती, तिनंच मला सांगितलं होतं. मी म्हटलं, शेवटी खायची. लाज वाटायची म्हणून तुझ्यासमोर बोलली नाही. मग तिला नीट समजावून सांगितलं, अभ्यास घ्यावा तसं. पोर्कचंच कर, सणासुदीला करतेस तसं. साडेअकराला ये. दार मी उघडते. कुणाशी बोलू नकोस, त्या वेळी बोलायचं नसतं, सरळ आत ये आणि फोटोपुढच्या पानावर उजव्या बाजूला वाढ. लोर्ना रडायला लागली. चादरीत तोंड खुपसून रडली. म्हणाली, मला वाटायचं तिला मी आवडत नाही, मी तिच्या घरात शिरतेय. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ठेवला, खरंच.

आत्या आली ती एक बॅग कपड्यांची आणि एक बॅग श्राद्धाची घेऊन. दर्भ, तीळ, सांगलीचं तूप, आमसुलं, वड्यांचं पीठ, बाबांचं सोवळं. श्राद्धाच्या दिवशी पहाटेपासून ती ओलेत्यानं स्वयंपाकघरात होती आणि मला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देत नव्हती. गवार मिळाली नाही म्हणून इथल्या हिरव्या शेंगा तिनं गवारीसारख्या निवडल्या. खीर, वडे, आमसुलाची चटणी, कढी, मुगाची आमटी, सगळं कांदा-लसणीशिवाय. मध्यान्ह कुठली धरायची, मिरजेची की गेर्लिंगेनची, यावर तिचा आणि मिरजेच्या गुरुजींचा फोनवर वाद झाला. शेवटी गेर्लिंगेनची ठरली. बाबा बैठकीच्या खोलीत उघड्या अंगानं पाटावर बसले, बोटात दर्भाचं पवित्रक, आणि समोर फोन स्पीकरवर. तिकडून गुरुजी मंत्र सांगत होते आणि मध्येच म्हणत होते, यजमान, पाणी सोडलंत का? आईच्या फोटोपुढे केळीचं पान मांडलं होतं, लोर्नानं आदल्या दिवशी आणून दिलेलं. आत्या म्हणालीसुद्धा, बाई हुशार दिसते हो, देठ काढून पान पुसून दिलंन. पान वाढून ती कावळ्यासाठीचा घास ठेवायला बाल्कनीत गेली. तिथे पक्ष्यांना खायला घालायला बंदी आहे, इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर ओरडेल, असं बाबांनी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, त्याला म्हणावं, मेल्यावर तुझ्यासाठीही ठेवीन.

बरोबर साडेअकराला मी दार उघडलं. लोर्ना पिवळा झगा घालून उभी होती. वर्षभर ती काळी रिबीन लावायची छातीवर, ती नव्हती. हातात तिचं ते पातेलं, फडक्यात गुंडाळलेलं. तिनं माझ्याकडे बघून मान झुकवली, सपाता दाराबाहेर काढल्या, सरळ आत गेली, बाबांच्या पाठीमागून वळसा घालून पानापुढे बसली आणि डावानं तीन तुकडे आणि रस वाढला. खीर आणि वड्यांच्या बाजूला तो काळा रस पसरला. व्हिनेगर आणि लसणीचा वास खोलीभर झाला. बाबांनी वळून बघितलं आणि त्यांच्या हातातलं पाणी मांडीवर सांडलं. तेवढ्यात आत्या बाल्कनीतून आत आली.

आत्या ओरडली नाही. मुख्याध्यापिका होती ती, तिला ओरडायची गरज कधी पडली नव्हती. तिनं पानाकडे बघितलं, लोर्नाकडे बघितलं, आणि इंग्रजीत विचारलं, हे काय आहे. लोर्ना तिच्याकडे बघून हसली. म्हणाली, पोर्क अदोबो, तिच्यासाठी, तिला आवडायचं. फोनमधून गुरुजींचं चाललंच होतं. आत्यानं वाकून फोन बंद केला. मग बाबांना म्हणाली, "विनू, उठ. सगळं विटाळलं. पहिल्यापासून करावं लागेल."

बाबा उठले नाहीत. ते लोर्नाला म्हणाले, तुला हे कुणी सांगितलं? तेव्हा कुठे लोर्नानं माझ्याकडे बघितलं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. मी काय चेहरा केला होता मला माहीत नाही, पण तिला तो वाचता आला. हळूहळू तिचं हसू गेलं. बाबांनी परत विचारलं. ती म्हणाली, "कुणी नाही. माझ्याच मनानं केलं. चूक झाली." मग तिनं ते पान तसंच्या तसं उचललं, खीर-वड्यांसकट, पातेल्यावर ठेवलं, आत्यासमोर दोनदा वाकून सॉरी म्हणाली आणि गेली. सपाता तिनं पायात घातल्या नाहीत, हातात घेऊन खाली उतरली.

आत्यानं परत आंघोळ केली, जमीन पुसली, गॅस धुतला आणि सगळा स्वयंपाक पुन्हा केला. आम्ही चार वाजता जेवलो. वडे कडक झाले होते. आत्या आणखी बारा दिवस राहिली आणि त्यात बाबांनी लग्नाचा विषय काढला नाही. ती एकदा एवढंच म्हणाली की शेजारधर्म उंबऱ्याबाहेर ठेवावा, माणसं चांगली असतात हो, पण त्यांना आपलं काही कळत नाही. बाबा "हं" म्हणाले. मी जिंकले होते. रविवारी आम्ही परत पाव आणि चीज खायला लागलो.

इथे थांबून मला एक सांगायला हवं. गेल्या वर्षी, आत्या जाऊन बरीच वर्षं झाल्यावर, मी हे सगळं बाबांना सांगितलं. ते आता सत्तरीचे आहेत, अजून त्याच घरात राहतात. मी त्यांच्यासाठी अदोबो करत होते. करते मी कधीकधी, त्यांना ते चालतं, कुठून आलं हे आम्ही बोलत नाही. पातेल्याकडे बघत पाठमोरीच सांगून टाकलं, की ते मी केलं होतं, लोर्नाला मी सांगितलं होतं. चोवीस वर्षं मनात गाठ मारून ठेवलेलं. मला वाटलं ते रागावतील, रडतील, निदान उठून जातील. बाबा म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं." मी विचारलं, मग बोलला का नाहीत तुम्ही? "ताईसमोर लग्नाचं बोलायची माझ्यात हिंमत नव्हती. ऑगस्टपासून झोप उडाली होती. तुझं खोटं मला बरं पडलं," म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. संताप आला मला. मला जे जन्मभर कुरतडत होतं त्याच्या आडोशाला हा माणूस निवांत बसला होता. त्या बाईचं आयुष्य आम्ही दोघांनी मिळून उधळलं, आणि त्यातला त्यांचा वाटाही त्यांनी मला एकटीला वाहू दिला. पण तरी त्यांना वाढलं. काय करणार, बाप आहे.

एक गोष्ट मात्र बाबांनाही सांगितलेली नाही. नाताळच्या आधी लोर्ना घर सोडून गेली. डार्मश्टाटला दुसरी नोकरी मिळाली, असं म्हणाली. जायच्या दिवशी दुपारी ती आमची किल्ली परत द्यायला वर आली. आईच्या आजारपणात दिली होती ती. बाबा घरी नव्हते, ते मुद्दामच बाहेर गेले असणार. मी दार अर्धंच उघडलं. तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली आणि तिथेच उभी राहिली. मला वाटलं आता विचारेल, का केलंस, आणि मी उत्तर तयार करत होते. तिनं ते विचारलंच नाही. दोन महिने तिच्या डोक्यात भलतंच काही घोळत होतं. म्हणाली, "एकच सांग. तिला खरंच आवडायचं का?"

हो म्हणायला काय जात होतं माझं? एक शब्द. पण मला तेव्हा वाटलं, आता खोटं बोलायचं नाही, आता आपण शहाणं व्हायचं. म्हटलं, "नाही. तिनं कधी तोंडातसुद्धा घातलं नाही."

लोर्नानं मान हलवली. रागावली नाही. माझ्याकडे बघून, एखादी गोष्ट नीट समजून घ्यायची असावी तशी, तिनं हळू आवाजात विचारलं, "मग त्या दिवशी मी तिच्या पानावर काय वाढलं?" आणि ती खरोखरच उत्तराची वाट बघत उभी राहिली. मी दार लावून घेतलं.